ग्रीकांचे टाक

आमच्या शेजारच्या गृहस्थांना चांदीची नाणी आवडत नाहीत. चांदी काय, खिशात पैसे असले की कोणीही जमवेल, असं ते नाक मुरडून म्हणतात. त्यांचा जीव ब्राँझच्या नाण्यांवर, आणि तीही एकाच राज्याची: दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, आजच्या सीरिया-इराकच्या बाजूला ग्रीक वंशाच्या राजांचं जे सेल्युसिड राज्य होतं, त्याची. चांदीचं नाणं राजाच्या तिजोरीत पडून राहायचं, ब्राँझचं बाजारात फिरायचं. त्यावर कोणी भाकरी घेतली, कोणी कांदे घेतले, एखाद्या शिपायाने ते जुगारात घालवलं. निवृत्त भूगोलशिक्षक असल्यामुळे हे सगळं ते वर्गात सांगितल्यासारखं सांगतात. आणि मी, लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या त्यांच्या घराला भिंत लागून असलेल्या घरात राहणारी, इन्शुरन्स कंपनीत प्रोजेक्ट सांभाळणारी बाई, त्यांची एकुलती एक विद्यार्थिनी झाले होते.

सुरुवात हत्तीपासून झाली. आम्ही घर घेतलं त्या वर्षी त्यांनी कुंपणावरून शेंगा दिल्या, मी चकल्या दिल्या, मग चहाला बोलावणं आलं, आणि चहाबरोबर त्यांनी लाकडी ट्रे काढून त्यातलं एक नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. त्यावर हत्ती होता, सोंड खाली सोडून उभा. नाण्याची कड सोड्याच्या बाटलीच्या बुचासारखी दातेरी. ही कड अशी का करत, हे कोणालाच नक्की ठाऊक नाही, असं ते म्हणाले, आणि हे सांगताना त्यांना फार आनंद झालेला दिसला. मग म्हणाले, या राजांना पहिले हत्ती तुमच्याकडच्या मौर्य राजाने दिले. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या पेपराबरोबर संपला होता, तरी मी अशी मान हलवली, जणू ते हत्ती मीच साताऱ्याहून लावून दिले होते.

त्यानंतर बऱ्याच रविवारी मी तिकडे असायचे. नाणं नेहमी कडेने धरायचं, पृष्ठाला बोट लागू द्यायचं नाही. प्रत्येक नाण्याखाली त्याच्या मापाची गोल चिठ्ठी, तिच्यावर बारीक अक्षरात माहिती. आणि सर्वांत महत्त्वाचा तो रंग. कुठे चॉकलेटी, कुठे ऑलिव्हसारखा हिरवा, कुठे जवळजवळ काळा, आणि खोलगट भागांत तिकडच्या मातीची फिकट पिवळी भुकटी बसलेली, त्यामुळे दाढीवाला देव, बसलेला देव, जहाजाचा नांगर, हत्ती असं सगळं उठून दिसतं. याला पाटिना म्हणतात. शेकडो वर्षं मातीत राहून धातूवर हे कवच येतं. ही त्या नाण्याची कातडी आहे, असं ते म्हणत. घासून साफ केलेलं नाणं त्यांनी आयुष्यात कधी विकत घेतलं नाही. कातडी गेलेलं नाणं त्यांच्या लेखी नाणंच नव्हतं.

ऑफिसात मी या नाण्यांबद्दल इतकं बोलायचे की माझी मॅनेजर एकदा म्हणाली, आता एक प्रेझेंटेशनच कर. मी खरंच केलं. लंच अवरमध्ये, स्लाइड्स लावून. पाटिनावर तीन स्लाइड्स होत्या. या गोष्टीबद्दल माझ्या आईला मात्र मी एक अक्षर सांगितलं नव्हतं. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे असं मला वाटतं, म्हणून आधीच लिहून टाकते.

बाबा गेल्यानंतर आई साताऱ्यात एकटी होती. तिला निदान अर्धं वर्ष तरी आमच्याकडे आणायचं, असं मी ठरवलं होतं. नवरा आठवड्यातले बरेच दिवस बर्मिंगहॅमला असतो, मुलगी युनिव्हर्सिटीत, घर अर्धं रिकामं. आई दोनदा नको म्हणाली, तिसऱ्यांदा आली. 'बघते जमतंय का,' एवढंच म्हणाली. आता तिला इथे जमतंय की नाही हे मी रोज डोळ्यांत तेल घालून बघत होते. जेवली की नाही, बाहेर गेली की नाही, फोनवर मावशीशी बोलताना आवाज कसा आहे. आई बत्तीस वर्षं शाळेत होती, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका. अशा बाईला दुसऱ्याच्या घरात बसून राहायला सांगणं म्हणजे शिक्षाच. पहिले दोन आठवडे ती सोफ्याच्या कडेला बसायची, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघितल्यासारखी. मग हळूहळू तिने मसाल्याचे डबे आपल्या पद्धतीने लावले, मागच्या अंगणात कोथिंबीर पेरली, कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा ते माझ्याआधी तिला पाठ झालं. मला वाटलं, जमलं. मी नवऱ्याला फोनवर सांगितलंही की आई आता पुढच्या वर्षी येणार नाही असं म्हणणार नाही.

सप्टेंबरमध्ये शेजाऱ्यांचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशननंतर ते काही दिवस त्यांच्या बहिणीकडे राहायला जाणार होते. त्याच सुमारास त्यांच्या छपराचं काम निघालं आणि घराभोवती स्कॅफोल्डिंग उभं राहिलं. खिडक्यांपर्यंत कोणीही चढू शकेल, याचा त्यांना घोर लागला. ट्रे आमच्याकडे ठेवाल का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मला काय वाटलं, ते सांगू नये इतकं बालिश आहे. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीसारखी मी घरी आले. ट्रे ठेवायला घरातली सर्वांत कोरडी जागा म्हणजे वरची छोटी खोली, जिथे एका फळीवर माझं देवघर आहे. शेजारच्या फळीवर मी ते ट्रे ठेवले. दमट हवा लागू नये एवढीच काळजी मी केली.

देवघर म्हणजे काय, लग्नात आईनेच दिलेले देव. पितळेचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, आणि चांदीचे टाक, म्हणजे कुलदैवताची आणि देवीची आकृती ठोकून उठवलेले ते चिमुकले पत्रे. मी रविवारी अगरबत्ती लावते, जमलं तर. देव काळे पडले होते. आईला ते आल्या दिवशीच दिसलं असणार, पण ती काही बोलली नव्हती.

ट्रे आणल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप घेऊन जिन्यावरून खाली पळत असताना आईने वरून विचारलं, हे कसले टाक आणून ठेवलेस? माझी मीटिंग सुरू झाली होती, हेडफोन एका कानात होता. मी जिन्यातूनच ओरडले की शेजारच्यांचे आहेत, ते हॉस्पिटलमध्ये आहेत तोवर इथे राहतील. ती म्हणाली, देव दिसतात यांच्यावर. मी म्हटलं, हो, ग्रीकांचे देव आहेत. आणि मीटिंगमध्ये शिरले.

एवढंच. नाणी हा शब्दसुद्धा मी उच्चारला नाही. ज्या विषयावर अनोळखी माणसांना मी तासभर स्लाइड्स दाखवल्या, तो आईला सांगायला मला जिन्यावर एक मिनिट थांबता आलं नाही.

नवरात्र दोन दिवसांवर आलं होतं. आमच्याकडे घट बसायच्या आधी देव उजळतात. साताऱ्यात आई टाक सोनाराकडे नेऊन उजळून आणायची, बाकीचे देव घरीच, चिंच-मिठाने. इथे सोनार कुठला, म्हणून सगळं घरीच करायचं ठरवून ती चालत जाऊन इंडियन दुकानातून चिंच घेऊन आली. त्या दिवशी मी लंडनच्या ऑफिसात होते. संध्याकाळी वॉटफर्ड जंक्शनला उतरून घरी आले तर दार उघडताच चिंचेचा वास. आई खूश होती. मला हात धरून वर घेऊन गेली.

देव झळाळत होते. बाळकृष्णाच्या हातातला लाडू मी कित्येक वर्षांनी पाहिला. मी कौतुकाचं काहीतरी बोलले असेन. मग माझी नजर शेजारच्या फळीवर गेली. वरचा ट्रे उघडा होता आणि त्यातलं प्रत्येक नाणं गुलाबी-पिवळं चमकत होतं, नव्या पेनीसारखं. दाढीवाल्या देवाचा चेहरा सपाट झाला होता. हत्ती होता, पण मातीची भुकटी गेल्यामुळे तो धातूतच बुडाल्यासारखा वाटत होता. प्रत्येक नाणं त्याच्या त्याच्या खाचेत, त्याच्या त्याच्या चिठ्ठीवर नीट बसवलेलं. एकेक काढून, एकेक धुऊन, पुसून, परत जागच्या जागी ठेवलं होतं तिने. वरचा ट्रे म्हणजे शेजाऱ्यांचा सर्वांत लाडका. बाकीचे ट्रे ती उद्या करणार होती.

आई सांगत होती की किती चिकट होतं गं, दोनदा लावावं लागलं, मग रांगोळीने हलकेच घासले. त्या बिचाऱ्यांच्या घरात बाईमाणूस नाही, आजारपण, त्यांचं करणार कोण. आपल्याकडे ठेवायला दिलेत आणि आपण घटाला आपलेच देव उजळायचे, त्यांचे तसेच काळे ठेवायचे, बरं दिसत नाही.

मला राग पटकन येतो. नवरा म्हणतो की माझ्या जिभेला हाड नाही. त्या वेळी मी काय काय बोलले ते सगळं मला आठवत नाही आणि आठवायचंही नाही. पण एक वाक्य आठवतं, कारण ते म्हणत असताना आईचा चेहरा माझ्यासमोर होता. मी म्हटलं, "प्रत्येक गोष्टीला हात लावायलाच हवा का तुला? हे तुझं घर नाही."

आईने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. विचारलं, "काय बिघडलं ते सांगशील का?"

मग मी सांगितलं. पाटिना, कातडी, शेकडो वर्षं, सगळं, अतिशय थंड आवाजात, स्लाइडवर होतं त्याच क्रमाने. ती ऐकत राहिली. मध्ये एकदा ट्रेकडे बघून खाली बसली. शेवटी म्हणाली, नाणी आहेत हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, विचारायचं होतंस. खरं तर तिने विचारलं होतं, जिन्यावरून. ते आम्हा दोघींनाही आठवत होतं.

घट बसले. आईने सगळं रीतीप्रमाणे केलं, माळ चढवली, आरती केली, पण खालच्या आवाजात. मी मात्र त्या दिवसांत देवीसमोर बसून फोनवर वाचत होते, ब्राँझला खोटा पाटिना कसा आणायचा. असं करतात, हे मला तेव्हा कळलं. एक द्रावण मिळतं, त्यात नाणं बुडवलं की काळपट तपकिरी होतं, मग खाचांत वाळू-माती चोळायची. मी ते द्रावण बास्केटमध्ये टाकलंही होतं. नवऱ्याने बर्मिंगहॅमहून फोनवर ऐकलं आणि म्हणाला, तुला वेड लागलंय का, ते माणूस चाळीस वर्षं ती नाणी बघतंय. जाऊन सांग सरळ. मी त्याच्यावरही ओरडले. पण द्रावण घेतलं नाही, कारण वेड लागलंय हे मलाही पटलं होतं.

दसऱ्यानंतर शेजारी परत आले, वॉकर घेऊन. मी त्यांना एक दिवस विसावा घेऊ दिला आणि मग ट्रे घेऊन गेले. एकटी जाणार होते. आई चपला घालून दारात उभी राहिली. मी म्हटलं, तू कशाला, मी बोलते ना. ती म्हणाली, केलं मी आहे. साडीवर कार्डिगन घालून ती माझ्यामागून आली.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी ट्रे ठेवला आणि उघडला. ते बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. इंग्रज माणूस रागावला की आणखी सभ्य होतो, हे मला इथे राहून कळलं आहे, पण ते रागावलेही नव्हते. त्यांनी हत्तीचं नाणं उचललं, सवयीने कडेला धरून, आणि मग बोट सरळ त्याच्या पृष्ठावर टेकवलं, कारण आता टेकवलं तरी चालणार होतं. 'ओह डिअर' असं काहीतरी पुटपुटले.

आणि तेव्हा मी ते वाक्य बोलले. आई माझ्या शेजारी, हाताच्या अंतरावर उभी होती. मी आवाज मऊ करून, ओशाळं हसून, इथल्या माझ्या खास इंग्रजीत म्हटलं, "शी इज फ्रॉम अ व्हिलेज, यू सी. शी डझन्ट रिअली अंडरस्टँड धिस काइंड ऑफ थिंग."

का म्हटलं? ठरवून नाही म्हटलं. पण तोंडातून इतकं सहज बाहेर पडलं म्हणजे ते आत कुठेतरी तयारच असणार. पाटिना समजणारी मी एकीकडे आणि चिंचेचा वास येणारी ती दुसरीकडे, आणि त्यांनी मला माझ्या बाजूलाच धरावं, आईच्या बाजूला नाही, असं मला वाटत होतं. हे लिहितानाही कान गरम होतात.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. आईकडे वळले आणि सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून विचारलं की तुम्ही मीठ वापरलंत का? मला वाटलं, हे टोमणा मारताहेत. नंतर कळलं की त्या क्षणी विचारण्यासारखा तोच एक प्रश्न होता. मीठ ब्राँझमध्ये शिरलं की नाणं आतून खायला लागतं. फिकट हिरवी भुकटी धरते आणि काही महिन्यांत त्याचं पीठ होतं. ब्राँझचा रोगच म्हणतात त्याला.

आई म्हणाली, "येस सर. टॅमरिंड अँड सॉल्ट." मग थोडी थांबली. पुढचं ती शाळेत इन्स्पेक्टरसमोर बोलायची त्या आवाजात बोलली, ताठ उभी राहून. "अँड आय ॲम नॉट फ्रॉम व्हिलेज. आय वॉज हेडमिस्ट्रेस. इट इज माय मिस्टेक. आय शुड हॅव आस्क्ड प्रॉपरली."

गावची आहे म्हटल्याचं तिला काही नव्हतं. तिचे वडील गावचेच होते आणि ती ते अभिमानाने सांगते. पण मी पुढे केलेली अडाणीपणाची सबब तिला नको होती. चूक तिची होती आणि ती तिला पूर्ण हवी होती. त्या स्वयंपाकघरात मान खाली गेली ती माझी एकटीची. शेजाऱ्यांनी खुर्ची ओढली आणि आईला बसा म्हणाले. मला बसा म्हणायचं बहुधा ते विसरले.

नाणी वाचवायची तर मीठ बाहेर काढायला हवं होतं. त्याला उपाय एकच, डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवायची, रोज पाणी बदलायचं, कित्येक दिवस. शेजाऱ्यांना वॉकर धरून हे जमणारं नव्हतं. आई म्हणाली, मी येईन. मग रोज सकाळी ती त्यांच्याकडे जायला लागली, सुपरमार्केटमधून इस्त्रीसाठी मिळणारं पाणी पिशवीत घेऊन. काचेच्या वाट्यांतलं पाणी बदलायची आणि यायची. आधी पंधरा मिनिटांत यायची, मग तासाभराने. मी विचारलं, काय बोलता एवढं? शाळेबद्दल, म्हणाली, आणि तिथेच थांबली.

काही नाणी तरली, काहींवर हिरवे ठिपके आलेच. ती शेजाऱ्यांनी वेगळ्या डबीत ठेवली, बाकीच्यांना लागू नये म्हणून. एका रविवारी त्यांनी मला बोलावलं. ट्रे समोर होता. त्यांनी एक चिठ्ठी उलटी करून दाखवली. मागच्या बाजूला त्याच बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं की वॉटफर्ड येथे चिंच व मीठ लावून स्वच्छ केले, देव समजून, सणाआधी. प्रत्येक चिठ्ठीवर तसंच. नाण्यावर कोणी काय उपचार केला ते लिहून ठेवायचंच असतं, असं ते म्हणाले. आईने त्यांना टाक म्हणजे काय ते समजावलं होतं, आमच्या देवघरातला एक नेऊन दाखवलाही होता. दोन हजार वर्षांत या नाण्यांना लोकांनी वितळवलं असेल, गाडलं असेल, विकलं असेल, पण सणासाठी आंघोळ बहुधा कोणी घातली नसेल, असं म्हणून ते हसले. मग हसू गेलं. मला म्हणाले, मी तुम्हाला इतकी वर्षं ओळखतो. तुमची आई शाळेची मुख्याध्यापिका होती, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

मौर्यांच्या हत्तींबद्दल मी त्यांच्याकडे बसून किती बोलले होते. त्यांनी आईबद्दल विचारलं तर मी 'शी इज फाइन' म्हणायचे. त्यांनी नाणं पुढे केलं, पण मी ते घेतलं नाही, चहा होतोय का बघते असं काहीतरी म्हणून उठले.

आईची मी माफी मागितली. रीतसर, समोर बसून, रडतसुद्धा. ती म्हणाली, झालं गं, सोड. पाठीवर हात फिरवला. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती खरंच रागावलेली नव्हती, आणि त्यानंतर आमच्यात एकदाही खटका उडाला नाही. घरात इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती. तिकीट दिवाळीनंतरचं होतं. मी विचारलं, पुढच्या वर्षी मेमध्ये येशील ना, इथली हवा तेव्हा चांगली असते. ती म्हणाली, बघू, मावशीच्या गुडघ्यांचं काय होतं ते.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी मी शंकरपाळे तळत होते. आई बाजूला उभी होती. सिंकमध्ये पिठाची परात पडली होती, कडेला कणीक वाळलेली. साताऱ्यात अशी परात समोर दिसली तर तिने बोलता बोलता घासून पालथी घातली असती, बघणाऱ्याला कळलंही नसतं. तिने परात उचलली. स्पंज घेतला. मग थांबली.

"ही घासू का गं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आई, विचारतेस काय. ती ओशाळून हसली, पाहुणी हसते तसं. कढईतले शंकरपाळे करपत चालले होते, मला ते काढायला हवे होते, पण ती माझ्याकडेच बघत होती. आणि मी 'हो, घास' असे शब्द तोंडाने म्हणेपर्यंत तिने नळ सोडला नाही.